शिकंज्यातली मुलाखत

प्रबंधांचं बाइंडिंग करणाऱ्या ताईने एम.ए., पीएच.डी.च्या प्रवेशाची माहिती मुलांनी एकमेकांना फुकट द्यावी म्हणून ऑनलाइन मंच काढला. "रडगाणं नको, फॉर्म भरा. मुलाखत कोणी घेतली, काय विचारलं, निकाल काय," असा तिचा खाक्या.

तीच माहिती विकणाऱ्या एजंटचं पित्त खवळलं. भर दुपारी दुकानात घुसून त्याने तिचा उजवा हात बाइंडिंगच्या शिकंज्यात कोंबला आणि चाक पिळलं.

"मंच बंद करतेस का?"

"नाही."

त्याने आणखी पिळलं. हाडं कडाकडा मोडली.

"आता?"

"नाही म्हटलं ना, मेल्या!"

प्लास्टर घालून आल्यावर ताईने डाव्या हाताने मंचावरचा फॉर्म भरला.

मुलाखत घेणारा : एजंट, फोटोसकट.

प्रश्न : एकच, दोनदा.

निकाल : माझी तीन बोटं मोडली. मुलाखत घेणारा नापास.