शेवटच्या फेरीला घेऊ

आमच्या जावईबापूंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट वेळेवर घेतलेली नाही. विलास त्यांचं नाव. मूळचे मिरजेचे, आता कित्येक वर्षं दुबईत, अल बर्शाला. कंपनीत परचेसचं काम बघतात. म्हणजे दिवसभर समोरच्याला सांगायचं की तुझा माल काही खास नाही, आणि संध्याकाळी तोच माल घ्यायचा. घरी आले तरी स्वभाव दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

इथं नोकरी संपली की माणसं देश सोडतात आणि जाताना घरातलं सगळं विकतात. बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो येतात, सोफा, फ्रीज, बाळाचा पाळणा. बाकीचे लोक त्याच दिवशी जाऊन हवं ते घेऊन येतात. विलासराव थांबतात. विमानाच्या दिवशी सकाळी त्या बिचाऱ्यांची टॅक्सी खाली उभी असते, मालकाला किल्ली द्यायची असते, बाई कोपऱ्यात डोळे पुसत असते, तेव्हा हे दारात जाऊन विचारतात, "सोफा राहिला का हो?" आमच्या हॉलमधला सोफा असाच आला. फुकट. त्याचा एक हात डुगडुगतो आणि आधीच्या मालकांच्या कुठल्याशा पोरानं त्यावर पेननं मासा काढलेला आहे. पाहुणे आले की त्या माशावर उशी ठेवणं हे माझं खातं.

"आई, ज्याला गिऱ्हाईक नाही ते शेवटी घ्यावं," ते मला जेवताना समजावतात. "खरी व्हॅल्यू तिथंच मिळते."

माझ्या अपर्णाला बघायला आले तेव्हाही सगळी स्थळं फिरून झाल्यावर सगळ्यात शेवटी आमच्याकडे आले होते. पण जावयाच्या घरात राहणाऱ्या सासूनं असल्या गोष्टी काढू नयेत.

मध्यंतरी त्यांच्या ऑफिसात एक अमेरिकन साहेब आला आणि यांना त्या देशाच्या फुटबॉलचा नाद लागला. बॉल पपईसारखा. एकजण तो लांब फेकतो, काहीजण झेलतात, आणि एकजण तो पोटाशी धरून सगळ्या गर्दीतून पळत सुटतो. त्या पळणाऱ्याला रनिंग बॅक म्हणतात. तिकडे दरवर्षी मोठे संघ एकत्र बसतात आणि कॉलेजातली पोरं आळीपाळीनं उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. फेरीमागून फेरी चालते. ज्याला पहिल्या फेरीत उचललं त्याचं नशीब उघडलं.

"एके काळी पळणारा पहिल्याच फेरीत जायचा," जावईबापूंनी एकदा आमटी भुरकत सांगितलं. "आता त्याचा भाव पडला. एखाददुसरा जातो वर, बाकीचे बसून राहतात वाट बघत."

"का बरं?"

"मार खातो ना. थोड्याच वर्षांत गुडघे जातात. शिवाय आता सगळा हिशोब कॉम्प्युटरवर असतो. पुढच्या माणसांनी रस्ता नीट करून दिला की मागून कोणीही पळालं तरी साधारण तेवढंच पुढे जातं. मग महागाचा कशाला? दरवर्षी नवा मिळतो, स्वस्तात."

"म्हणजे स्वयंपाकघर चांगलं असलं की सून कुठलीही चालते," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली, आई."

अपर्णानं ताटातून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्या दिवशी भात त्यांनी स्वतःच वाढून घेतला.

आता आमची काव्या. यांची एकुलती एक, तेरा वर्षांची, आणि जन्मल्यापासून पळणारी. मॉलमध्ये पळायची, पार्किंगमध्ये पळायची, इतकी की तिचा हात धरून माझा खांदा दुखायला लागला. इथल्या पार्कात संध्याकाळी मुलामुलींची याच खेळाची लीग असते, पण अंगावर पडायचं नाही. कमरेला दोन फिती लावतात, कोणी फीत ओढली की थांबायचं. काव्या तिथं रनिंग बॅक. शनिवारी कधीमधी बाप तिला बघायला यायचा, तोही फोन कानाला लावून. एरवी पोरीनं काहीही मागितलं, पप्पा सिनेमाला जाऊ, पप्पा बीचवर जाऊ, की यांचं उत्तर ठरलेलं, "इन्शाल्ला, बघू." या देशात राहणाऱ्या पोरांना बापाच्या इन्शाल्लाचा अर्थ दुधाच्या दातांबरोबरच कळतो.

यंदा मात्र विलासराव स्वतः एका टीमचे कोच झाले. आठवड्यातून दोनदा बाप मैदानावर, तोही फोनशिवाय. काव्यानं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं. आधी कोचचं मूल आपोआप त्याच्याच टीममध्ये जायचं. मग कोणा आईबापांनी तक्रार केली, म्हणून यंदा सगळी नावं एकत्र आणि सगळ्या कोचनी अमेरिकेसारखा ड्राफ्ट करायचा ठरला.

"मग तुझं कसं गं?" मी विचारलं.

"आज्जी, पप्पा विल पिक मी फर्स्ट. ऑब्व्हियसली."

ड्राफ्ट आमच्याच घरी झाला. माशावर उशी ठेवली आणि चार कोच येऊन बसले. जावईबापू, एक इजिप्तचे गृहस्थ, एक फिलिपिनो, आणि आमच्याच बिल्डिंगमधले अन्वरभाई. ते दापोलीचे, गाड्यांच्या एसीचं वर्कशॉप आहे त्यांचं. टीव्हीवर पोरांची नावं आणि प्रत्येकापुढे आकडे. चार पुरुष पोहे खात पोरांची उंची बोलत होते, आणि पोर स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहून ऐकत होती. असल्या बैठका मी उभ्या जन्मात पुष्कळ बघितल्या आहेत. टीव्ही तेवढा नवीन.

पहिला नंबर विलासरावांचा आला. त्यांनी घसा साफ केला आणि वेद नावाचा पोरगा घेतला. लांब फेकणारा.

"इट्स ओके," काव्या मला म्हणाली. "क्वार्टरबॅक फर्स्ट. दॅट्स नॉर्मल."

दुसऱ्या फेरीला एक झेलणारा घेतला. काव्या कोथिंबीर निवडत राहिली. तिसऱ्या फेरीला आणखी एक झेलणारा. आता ती कोथिंबिरीची पानं टाकून काड्या ठेवायला लागली. मी हॉलमध्ये चहा घेऊन गेले, विलासरावांकडे रोखून बघितलं. त्यांनी मला डोळा मारला. माझ्या जन्मात जावयानं मला मारलेला हा एकुलता एक डोळा, आणि तोही इतक्या मूर्ख वेळी.

मग अन्वरभाईंची पाळी आली.

"काव्या," ते म्हणाले आणि लाडू उचलला.

जावईबापूंचा कप बशीत वाजला. "अरे अन्वरभाई, ती माझी मुलगी आहे."

"मग घेतली का नाहीस भाई? मघापासून तुझाच नंबर येतोय."

"मी घेणारच होतो. शेवटच्या फेरीला. रनिंग बॅकला इतक्या वर कोणी घेतं का? तुम्हाला व्हॅल्यू कळते का काही?"

"मला कुठली व्हॅल्यू," अन्वरभाई म्हणाले. "घरून बायकोनं, बदरुन्निसानं सांगून पाठवलंय, काव्या नसेल तर आपली पोरगी अलिना खेळायची नाही. शिवाय दोघी एकाच गाडीतून जातील. यल्ला, पुढचा कोण?"

काव्या दारात उभी होती. "शेवटच्या?" तिनं विचारलं. एरवी ही पोर मराठी बोलायला पैसे मागते.

"बेटा, इट वॉज स्ट्रॅटेजी. तुला कोणी घेणारच नव्हतं, म्हणून सेफ होतीस. समजतंय ना?"

तिनं माझ्या हातातली पोह्यांची बशी घेतली आणि अन्वरभाईंना नेऊन दिली. "थँक यू, अंकल," म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली. सोफ्यावरची उशी खाली पडली होती. ती मी तशीच राहू दिली.

सीझन सुरू होण्याआधी अदलाबदल करायची मुभा असते, दोन्ही कोच आणि ते मूल कबूल असेल तर. विलासरावांनी अन्वरभाईंना दोन झेलणारे देऊ केले. अन्वरभाई म्हणाले, माझी ना नाही, पोरीला विचार. पोरीला विचारलं, तर ती टोस्टला लोणी लावत म्हणाली, "खलास, पप्पा. आय ॲम गुड."

पहिल्याच सामन्यात बाप आणि लेक समोरासमोर. दमट हवा, बॉल हातातून निसटत होते, तरी वेदनं फेकलेले दोन बरोबर पोचले आणि जावईबापू जिंकले. खोटं का सांगू, त्यांचा कॉम्प्युटर अगदीच चुकीचा नव्हता. अन्वरभाईंना एकच चाल ठाऊक, बॉल काव्याला द्यायचा. ते सगळ्या मैदानाला कळलं होतं, म्हणून पाच-पाच पोरं तिच्या फितीमागे लागायची. ती पळायची छान. पण दोन पायांनी पळून पळून किती पळणार.

सामना झाल्यावर विलासराव हात पुढे करून उभे राहिले, टाळी द्यायला. काव्या अलिनाबरोबर अन्वरभाईंच्या गाडीत बसून शोरमा खायला निघून गेली. आमच्या गाडीत विजेते जावईबापू आणि मी.

"जिंकलो, आई," सिग्नलला ते म्हणाले.

"दिसलं," मी म्हटलं.

ती घरी आली तेव्हा तिचा गुडघा सोलवटलेला दिसला. मी तेल गरम केलं. विलासराव गुडघ्याला लावायला बर्फासारखी गोठलेली मटारची पिशवी घेऊन तिच्यापुढे उभे राहिले.

"वेदला द्या, पप्पा," ती म्हणाली. "ही इज मोअर व्हॅल्युएबल."

माणूस ती पिशवी हातात धरून इतका वेळ उभा होता की मटार मऊ पडले. शेवटी मी त्याची उसळ केली.

पुढे कधीतरी यांना लीगचा नियम वाचायची बुद्धी झाली. पुढच्या वर्षी नावं पुन्हा एकत्र होतात, आणि जी टीम शेवटी येते तिला ड्राफ्टला पहिला नंबर मिळतो. हे अमेरिकेतही तसंच असतं म्हणे, म्हणजे यांना आधीपासून ठाऊक असणार, पण जिंकणाऱ्याला हरण्याचे फायदे कशाला सुचतील. त्यानंतर जावईबापूंचं कोचिंग बदललं. वेदला निम्मा वेळ बसवायला लागले. नीरव म्हणून एक गुबगुबीत पोरगा होता, त्याच्याकडे बॉल आला की तो डोळे मिटून घ्यायचा, त्याला पुढे काढलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, सगळ्यांना चान्स मिळाला पाहिजे.

झालं, पोरांच्या आयांनी यांना डोक्यावर घेतलं. इजिप्तवाल्यांनी मिठी मारली, "हबीबी, यू आर द रिअल कोच." आमच्या घरी खजुराचे डबे यायला लागले. माणूस हरायचा प्रयत्न करतोय आणि लोक त्याला संत म्हणतायत, हे बघत मी ते खजूर खात होते. आणि हरणं तरी नीट जमावं? कधीच न खेळलेली पोरं रोज खेळून तयार व्हायला लागली. हरले, पण पुरेसे नाही.

शेवटचा सामना पुन्हा अन्वरभाईंशी. हे हरले असते तर यांचा शेवटचा नंबर, नाहीतर अन्वरभाईंचा. संपता संपता वेदनं बॉल उंच फेकला तो थेट नीरवकडे. विलासराव माझ्या शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "सोड रे बाबा, सोड." नीरवनं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा बॉल त्याच्या कुशीत होता. सगळे त्याच्या नावानं ओरडत धावले. जावईबापू टाळ्या वाजवत होते, पण तोंड असं की कुणाला पोचवून आलेत. मैदानाच्या पलीकडून काव्या त्यांच्याकडे बघत होती.

घरी येऊन ते माशावर कोपर टेकवून बसले. काव्या समोर उभी राहिली.

"पप्पा, वर यू ट्राइंग टु लूज?"

"पुढच्या वर्षी पहिला नंबर हवा होता."

"फॉर हूम?"

त्यांनी सोफ्याचा डुगडुगणारा हात दाबून धरला, जसा काही तो आजच मोडला होता. मग म्हणाले, "एक रनिंग बॅक आहे."

"नोबडी टेक्स अ रनिंग बॅक फर्स्ट, पप्पा."

"माहितीये मला," ते म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. अन्वरभाई बिर्याणीचा डबा घेऊन दारात. "बदरुन्निसानं पाठवलीय. आणि आधीच सांगून ठेवतो विलासभाई, पुढच्या वर्षी पहिला नंबर आमचा, तर काव्या आमच्याकडेच."

"अन्वरभाई, बसा," जावईबापू उठून उभे राहिले. "तिच्या बदल्यात काय घ्याल? तुम्ही म्हणाल ते."

परचेसवाल्यानं असं कधी म्हणायचं नसतं, हे मलासुद्धा समजतं. अन्वरभाईंना तर फारच लवकर समजलं. त्यांनी पुढच्या ड्राफ्टला विलासरावांनी उचलून द्यायचा म्हणून वेद मागितला, तसेच दोन झेलणारे मागितले, आणि वर्षभर दोघी पोरींना मैदानावर नेण्या-आणण्याचं काम. दुसऱ्या कुणाकडे हे असं मागणं आलं असतं तर विलासराव रात्रभर हसले असते.

"दिलं," ते म्हणाले. मग काव्याकडे वळले. "पण तुझं हो पाहिजे. चालेल?"

काव्या सोफ्यावर बसली, सोलवटलेले दोन्ही पाय तिनं बापाच्या मांडीवर टाकले आणि फोन काढला.

"इन्शाल्ला," म्हणाली. "बघू."

मी फ्रीजरमधून मटारची नवी पिशवी काढून जावईबापूंच्या हातात दिली. या वेळी तिनं ती लावू दिली.