मोठी लीग की सूरचं ताट

मंडळी, दुपारपासून कामात लक्ष नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी ओमानमधल्या बरका शहरातल्या एका कॉलेजात मुलींची व्हॉलीबॉल कोच आहे. आम्ही बरका ते सूर या किनाऱ्यावरच्या गावांतल्या चार कॉलेजांच्या छोट्या लीगमध्ये खेळतो. यंदा मस्कतच्या मोठ्या लीगचं बोलावणं आलं. एसी हॉल, चांगले पंच, मॅच ऑनलाइन दिसणार. छोटी लीग सोडून तिथे जायचं का, यावर आज मीटिंग होती. मला वाटलं, पाच मिनिटांत खलास.

डीननी मुलींना विचारलं, "काही शंका?"

आमची कॅप्टन मैसा म्हणाली, "तिथे मॅचनंतर जेवायला कोण घालतं?"

मी हसले. "अगं, पार्सल मिळतं. बसमध्ये खायचं."

आमच्या लीगमध्ये यजमान टीम जेवू घालते. भाताची मोठी ताटं, भोवती दोन्हीकडच्या मुली मिसळून बसतात.

मैसा हसली नाही. "गेल्या वर्षी सूरला फायनल हरलो, तेव्हा मी ताटावर बसून रडत होते. जिच्या स्मॅशवर हरलो, तिनेच माशाचे काटे काढून तो तुकडा माझ्याकडे सरकवला. नाहीतर मी त्या दिवशी खेळ सोडणार होते."

ती सोडणार होती, हे मला आज कळलं.

मग एकेक करत सगळ्या मुलींनी हात वर केले. इथेच राहायचं.

मी रत्नागिरीची. पाहुण्याला माशाचा मधला तुकडा वाढतात, हे मला नवीन नाही. पण आमच्याकडे जिंकलेली टीम ट्रकमधून गुलाल उधळत निघून जाते, हरलेल्यांकडे कोण बघतं?

तुम्ही सांगा. ज्यांनी तुम्हाला हरवलं, त्यांच्या ताटात तुम्ही कधी जेवलात?