वर्षाच्या बाटलीतलं काळं पाणी

“अहो, त्या कॅन्सरवर औषध काढणाऱ्या बाई कॅन्सरनंच गेल्या की!” सोलापुरात भवानी पेठेतल्या दुकानदारानं दुधाची पिशवी हातात देता देता मला ही बातमी दिली. बाई म्हणजे माझी वर्षा, पाचवीपासून माझ्या बाकावर बसलेली. तिच्या घरून फोन आला तो नंतर. दुकानदाराचा तरी काय दोष, अर्धं गाव तिला त्याच नावानं ओळखायचं. पण त्याच्या बोलण्यात दुःखापेक्षा नवलच जास्त होतं आणि ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं…

वर्षा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ प्रयोगशाळेत घालवायची. वडील गेल्यावर तिची आई, आमच्या काकू, वैरागची शेती भावकीवर सोपवून तिच्याकडे राहायला आल्या. एकदा वर्षानं काकूंना आणि मला एक छोटी बाटली दाखवली. आत काळं पाणी होतं. बाहेरून लोहचुंबक लावल्याबरोबर सगळं काळं त्या बाजूला गोळा झालं. डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक लोखंडी कण ते. शिरेतून दिले की काही कण गाठीत जाऊन बसतात, त्यामुळे एमआरआयमध्ये गाठ नेमकी कुठं आहे ते कळतं. मग बाहेरून चुंबकाचा झोत वेगानं उलटसुलट केला की तेच कण तापतात आणि गाठ भाजून निघते. “म्हंजे चोर दाखवणार बी तोच आन् धरणार बी तोच,” ती आईला समजावत होती. काकूंना तेवढं चांगलं कळलं. हे सगळं अजून उंदरांवर चाललंय, हे मात्र त्यांनी कानामागे टाकलं.

त्यात एका वार्ताहराला उत्साहाचं भरतं आलं. सोलापूरच्या कन्येनं कॅन्सरवर औषध शोधलं, असं त्यानं छापून टाकलं. उंदीर त्याच्या बातमीत होते, पण शेवटच्या ओळीत, आणि शेवटची ओळ वाचतो कोण? माणसं यायला लागली. बार्शीहून, करमाळ्याहून, कुठून कुठून. आपल्याकडे गुण देणाऱ्याच्या दारी कुणी रिकाम्या हातानं जात नाही. कुणी नारळ आणायचं, कुणी शेंगा. वर्षा हात लावायची नाही. कागद बघायची, कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगायची आणि माझ्याकडे औषध नाही, असं दहादा बजावायची. ती आत वळली की काकू हळूच पिशवी ठेवून घ्यायच्या. “दारात आलेला नारळ माघारी धाडत्यात व्हय?” लेकीनं नाही म्हणायचं आणि आईनं नारळ घ्यायचा, आलेला माणूस कुणावर विश्वास ठेवेल? नारळ घेतला म्हणजे गुण द्यायचा, ही काकूंची रीत. घेता घेता त्यांचीही खात्री पटली की औषध घरातच आहे.

मग वर्षाचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि तोही पसरलेला. केमो सुरू झाली. अंगावरचं मांस उतरलं, पण जिभेची धार तेवढी शाबूत होती. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर मायलेकींचं जुंपलेलं.

“बाटलीत हाय की तुझ्या! घे ना गं!”

“आई, ते माणसाला चालतंय का न्हाय, कुणालाच ठावं न्हाय. उंदरात बी लई कण लिव्हरमदी अडकत्यात. मी घेतलं तर मरंन.”

“आन् आता काय जगायलीस?”

खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं, घे बाई, काय जाणार आहे तुझं? वर्षानं डोळे मिटून घेतले. “मी घेतलं तर उद्या दारात येणारी बाई बी मागंल,” ती म्हणाली. “तिला कोणत्या तोंडानं न्हाय म्हनू?” त्यानंतर तिनं तो विषय काढू दिला नाही.

ती गेली. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला काकू एकच सांगत राहिल्या, “हट्टानं गेली. घरात औषध असून घेतलं न्हाय.” मला ते ऐकवायचं नाही. जिनं जन्मभर खोटी आशा कुणाला दिली नाही, तिच्या माथी हे! मी समजावून थकले. काकू तोंड फिरवून बसायच्या.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे बसले होते. करमाळ्याकडच्या केम गावचा एक माणूस आला, बायकोच्या स्कॅनची फिल्म घेऊन. वर्षा गेल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. “मॅडम हायेत का?” मी काही बोलायच्या आत काकू उठल्या. पुढच्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीशी उभं राहून वर्षा फिल्म बघायची. पडदा एका बाजूला सारायचा, मान जरा वाकडी करायची. काकूंनी त्याच्या हातातून फिल्म घेतली, पडदा सारला आणि उजेडात धरली. त्यांना त्यातलं काय कळणार होतं? पण तो माणूस हात जोडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यांनी फिल्म नीट पाकिटात घातली आणि त्याला परत दिली.

“मोठ्या दवाखान्यात ने बाबा तिला, आजच ने. हितं औषध न्हाय,” काकू म्हणाल्या. “असतं तर माझ्या लेकीला पाजलं नसतं व्हय मी?”