कोंडातल्या माशांसाठी नुसता भात

बाबांचं बारावं झालं त्या दुपारी आई त्यांच्या उरलेल्या गोळ्या पाकिटांतून एकेक काढत बसली होती. गेलेल्या माणसाची औषधं आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, वाहत्या पाण्यात सोडतात. उन्हाळ्यात आमची नदी वाहत नाही. देवळामागचा कोंड, नदीतला खोल डोह, तेवढा भरलेला असतो. तिथले मासे देवाचे, त्यांना कोणी धरत नाही.

“प्लास्टिक पाण्यात जाता नये म्हणान सोलतंय,” आई म्हणाली.

द्रोणात भाताशेजारी गोळ्यांचा ढीग झाला. काका म्हणाले, “सोड गो वयनी. माशांचोव बीपी जाग्यार रवतलो.” रडता रडता आई हसली.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे शिकलेलं घरी बोलायला मला अजून अवघड वाटतं. कोंडावर पोचल्यावर कसंबसं म्हटलं, “आये, औषध पाण्यात नाहीसं होत नाही. ह्यात बाबांच्या भीतीवरच्या गोळ्या आहेत ना, तसल्या औषधाने मासे लपायचं विसरतात.”

“तुझ्या बापाशीक इतकी वर्सां जगवलानी ह्या औषदांनी. ती माशांक कशी मारतली?”

पावलांच्या आवाजाने मासे वर आले होते. पूर्वी खंड्याची सावली पडली की ते क्षणात तळाला जायचे. त्या दिवशी खंड्या खालच्या फांदीवर येऊन बसला, तरी ते तसेच वर राहिले. त्याने सूर मारून एक उचलला. बाकीचे हलले नाहीत.

हे आम्ही टाकत आलेल्या भाताच्या सवयीने झालं, की बाबांच्या आजारपणात त्यांच्या लघवीतून, न्हाणीच्या पाण्यातून झिरपत आलेल्या औषधाने, ते मला सांगता येत नाही. शेजारच्या घरांतही गोळ्या चालूच आहेत.

खंड्याने उचललेला मासा आईनेही पाहिला होता. मग तिने गोळ्या वेचून पदरात बांधल्या आणि भात तेवढा सोडला.

“मगे ह्यां खंय सोडू गो?” तिने विचारलं.

बांद्याच्या बाजारात औषधाच्या दुकानात मी विचारून आले. दुकानदार म्हणाला, “बेसिनमध्ये टाक आणि नळ सोड.” ते मी आईला सांगितलेलं नाही. गोळ्या डब्यात, फळीवर आहेत. त्या घरात आहेत तोवर बाबा पुरते गेले नाहीत, असं तिला वाटतं. सुट्टीत मी घरी गेले की ती आधी तेच विचारते, “गावलो काय गो जागो?”

मी म्हणते, “बघतेय, आये.”