'लाल' खोडल्यावर

माझे मोठे दीर चाळीस वर्षं रंगाच्या दुकानात होते. गिऱ्हाईक भिंतीचा नखाएवढा टवका घेऊन यायचं आणि भाऊजी हुबेहूब तोच रंग कालवून द्यायचे. त्यांनी "हा मोतिया" म्हटलं की विषय संपला.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीच्या कठड्यावर बियांतून एक रोप वाढवलं. जाड पानांचं, गुलाबासारखं गोल रचलेलं; थंडी, ऊन, तहान सगळं पचवणारं. वनस्पतिप्रेमी मंडळाच्या यादीत त्याची नवी जात म्हणून नोंद व्हावी, हा एकच ध्यास. वर्णनात त्यांनी ठसठशीत लिहिलं, 'डाळिंबी लाल'.

मंडळाच्या चिटणीसबाईंनी तीन सभासदांना त्याला फुटलेली पिल्लं वाढवायला दिली. वर्षभराने चिठ्ठी आली: तिघांकडेही रोप हिरवंगार. वर्णन महिन्याभरात सुधारा, नाहीतर नोंद होणार नाही.

भाऊजी दोन दिवस कठड्यापाशीच. जाऊबाई सोडतात होय! "जन्मभर भिंती रंगवल्या, आता पानंही रंगवून दिली म्हणतील."

"माझी नजर चुकलेली नाही."

चुकली नव्हतीच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याच रोपाचं पिल्लू होतं, भाज्या धुतलेलं पाणी पिऊन गुटगुटीत आणि हिरवं. मी ते त्यांच्यापुढे ठेवलं.

"भाऊजी, तुमचं रोप उपाशी आहे म्हणून लाल आहे. मूठभर खडी अन् वर बोचरी थंडी."

त्यांनी कठड्यावरची कुंडी आणून शेजारी ठेवली. मग भिंग आणलं. "तू लिही, मी सांगतो."

रंग सोडून काही सांगायची त्यांच्यावर पहिलीच वेळ. दर वाक्याला "लालस..." म्हणायचे आणि जीभ चावायचे. तीन दुपारी गेल्या. शेवटी कागदावर उरलं ते असं: पानाच्या कडेला पापणीसारखे आखूड पांढरे केस, टोकाशी मात्र लांब झुबका, पिल्लं बोटभर देठावर लोंबणारी, रंग पाणी-हवेनुसार बदलणारा.

परीक्षा जाऊबाईंची घेतली. त्यांनी जन्मात कुंडीला हात लावलेला नाही. मी ह्या दोन कुंड्या इतर जातींच्या नऊ कुंड्यांत मिसळून मांडल्या आणि वर्णनाशी जुळतील त्या उचलायला सांगून कागद त्यांच्या हातात दिला. पुटपुटत, भिंगातून बघत त्यांनी कठड्यावरची लाल कुंडी उचलली. मग बाकीच्या लाल-तांबूस कुंड्या ओलांडून थेट माझी हिरवी.

"ह्या दोघी सख्ख्या? अहो, दिसत तर नाहीत!"

"नाहीच दिसत," भाऊजी म्हणाले आणि पाकिटाला डिंक लावायला बसले.