तिसऱ्या वेळचा शुद्ध सूर

आमच्या हिला दुसऱ्यांच्या चुका पटकन दिसतात. माझ्या ती फुकटात काढते. प्रकाशकाकडे मात्र हेच काम पगारावर करते. पियानोच्या जुन्या रचना नव्याने छापायच्या आधी संगीतकाराचं हस्तलिखित आणि पहिली छापील प्रत शेजारी शेजारी ठेवायची आणि सूर न् सूर ताडून पाहायचा. जेवणाच्या टेबलावर एकीकडे हस्तलिखिताचे फोटो, दुसरीकडे छापील पानं, मधल्या वीतभर जागेत आमची ताटं. संगीतकार अक्षराचा गबाळा निघाला की ही खूश. "छापणाऱ्यानं इथे नक्की माती खाल्लीय," म्हणत भिंग पुसताना तिचा चेहरा असा खुलतो की मला त्या मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो.

यंदा तिच्या वाट्याला नेमकी माझी रचना आली. माझी म्हणजे, मला येणारी एकुलती एक. मी दातांचा डॉक्टर. लग्नाआधी हिच्या माहेरी मी ती वाजवली होती. तीत एक ओळ तीनदा येते. पहिल्या दोन वेळी त्यातला एक सूर कोमल, तिसऱ्या वेळी तोच शुद्ध. त्या शुद्ध सुरावर हिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझं काम झालं. दवाखाना बंद करून आलो की मी आजही त्या एका सुरासाठी पियानोवर बसतो.

एका दुपारी ती चाचरत म्हणाली, "अहो, तुमचा तो शुद्ध सूर आहे ना... तो चूक वाटतोय हो."

हस्तलिखितात ती ओळ एकदाच लिहिलेली होती. पुढे दोन्ही ठिकाणी नुसतं 'पुन्हा तेच'. छपाईचे ठसे कोरणाऱ्याने ती तीनदा कोरली आणि तिसऱ्या वेळी कोमलची खूण विसरला.

"त्यानंच मागाहून बदललं असेल!" मी तावातावाने म्हणालो. "प्रुफं वाचताना सुचलं असेल."

"तसं निघालं तर मलाही हवंच आहे," ही म्हणाली.

दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयात त्या संगीतकाराच्या शिष्येची छापील प्रत होती. शिकवता शिकवता तो तीत पेन्सिलीने दुरुस्त्या करायचा. ही मुद्दाम जाऊन ती पाहून आली आणि चपला न काढता दारातच म्हणाली, "कोमलच आहे. त्याच्याच हातची खूण."

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पण चिडणार कोणावर? माझं मन राखायला ही खोटं छापणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा अभिमानही वाटला.

पुस्तक छापून आलं. माझा सूर तळटिपेत जाऊन बसला: 'पहिल्या छापील प्रतीत शुद्ध, कोरणाऱ्याची चूक.' त्या संध्याकाळी मी नवं पुस्तक उघडून शहाण्यासारखा वाजवायला लागलो. पहिली वेळ, दुसरी वेळ, आणि तिसऱ्या वेळीही मुकाट्याने कोमल.

"चुकलात!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अगं, तुझ्याच पुस्तकातलं वाजवतोय!"

ती हात पुसत बाहेर आली, पुस्तक मिटलं आणि मला सरकवून बाकावर शेजारी बसली.

"ते लोकांसाठी छापलंय," ती म्हणाली. "मी त्या चुकीवर भाळून लग्न केलंय. वाजवा पुन्हा, नीट."