आधी वास, मग हात

पिंजऱ्यात हात घालण्याआधी आबा त्याच पिंजऱ्यातला मूठभर लाकडाचा भुसा घ्यायचे आणि तळहातांना, बोटांच्या बेचक्यांत चोळायचे. म्हणायचे, "आदी त्यांचा वास हाताला घ्यायचा, मंग हात लावायचा." पिल्लाला माणसाचा वास लागला तर उंदरीण त्याला खाऊन टाकते.

बाहत्तर सालाच्या सुमारास लोणावळ्याबाहेर झाडीत एक प्रयोगशाळा होती. आबा तिथे पांढरे उंदीर सांभाळत. कुरवंडे गावाहून रोज पायी येत. केस पिकले तरी रोजंदारीवरच. याचा मला तेव्हा संताप होता, आजही आहे. जुन्या कामगारांना कायम करा, म्हणून मी संप पुकारला. मी बावीस वर्षांची, पिशवीत युनियनची पत्रकं, आवाज खणखणीत. तरी पहिल्या दिवशी फाटकापाशी निम्मेच जमले. कालपरवा कामाला लागलेली पोरं घरीच बसली.

त्यात आदल्याच दिवशी उंदरिणी व्याल्या होत्या. आबा म्हणाले, "बाय, मी फाटकात बसतो. पर सकाळी एक तास आत जानार."

"संपात असा तास नसतो, आबा. आत गेलात तर तुम्ही साहेबांचे."

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. आठवलं की अजून कान तापतात.

आबा चिडले नाहीत. दंडावरची काळी फीत घट्ट केली. "मंग तू बी चल. मी काय करतो ते बघ, आन् भायेर येऊन समद्यांना सांग."

आत प्रयोग करणारे डॉक्टर कालच्या पिल्लांना सुई टोचत होते. आबा एकेक पिल्लू चिमटीत धरून देत. एक दिवस चुकलं तर काय बिघडतं, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सगळं. रक्तातल्या काही पेशींच्या अंगावर रोग ओळखणारं प्रतिद्रव्य असतं. तो त्यांचा कान समजा. पेशी जाणती असेल तर कानावर हाक पडताच ती रोगाशी लढायला उठते. कोवळी असताना, म्हणजे जन्मानंतरच्या या पहिल्या दिवसांत, तशीच हाक जोरात बसली तर ती वाढतच नाही, असा आमचा अंदाज आहे. या सुईत ती हाक आहे. पिल्लं मोठी होतील, पण रोगाशी लढायला अंगात प्रतिद्रव्य नसेल. मग त्यांना जगवायचं ते आबांच्या स्वच्छतेनं."

"तुज्या भाषनावानीच की," आबा मला म्हणाले. "जानता मानूस उटतो. नवी पोरं बिचकून घरात बसली."

डॉक्टर हसले. मी नाही. विषय बदलावा म्हणून पिल्लाकडे हात नेला, तर आबांनी मनगट धरलं. "हं. आदी वास."

मी भुसा चोळला. बाहेर येऊन सर्वांना सांगितलं, आबांना रोज एक तास आत जाऊ द्यायचं. माझी चूक झाली, हेही सांगितलं.

त्या संध्याकाळी आबा नव्या पोरांच्या चाळीत गेले. संपाचा शब्द काढला नाही. ओट्यावर बसून बिडी ओढली, कुणाच्या गावी पीक कसं आहे ते विचारलं. तिसऱ्या दिवशी पोरं फाटकापाशी आली. सहाव्या दिवशी साहेब नमले. आबा कायम झाले. सह्या होताना त्यांनी एकच भर घातली, "भुसा चाळायला नवी चाळन पायजे. जुनीला भोकं पडल्याती." चाळण मिळाली. पिल्लं जगली, आणि त्यांच्या रक्तात प्रतिद्रव्य सापडलं नाही. डॉक्टरांचा अंदाज खरा निघाला.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. तो आहे तोवर बघून ठेवा. गेल्या उन्हाळ्यात आबा गेले.

परवा परंदवडीला भात लावणाऱ्या बायकांशी मजुरीचं बोलायला गेले. पत्रकं पिशवीतच ठेवली. बांधावर चपला काढल्या, खाचरात उतरले आणि पलीकडच्या बांधापर्यंत त्यांच्याबरोबर रोपं लावत गेले. मग बोलायला तोंड उघडलं.